झिजलेल्या बोटांचा हयातीचा दाखला

विडी कामगाराला पेन्शन किती मिळते हे ऐकलं की लोकांना थट्टा वाटते. ईपीएस-95 म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेत 2014 पासून किमान पेन्शन महिना 1000 रुपये आहे, आणि सिन्नरला उभं आयुष्य विड्या वळलेल्या माझ्या आत्याला तेवढीच मिळते. ती चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा मशीन आत्याला ओळखेचना.

सेवा केंद्रातला पोरगा तसा बरा होता. "आजी, अंगठा ठेवा. दाबू नका. आता दुसरं बोट. पदराला पुसा. आता जरा केसांवरून फिरवा, तेलकट होऊ द्या." दर वेळी स्क्रीनवर लाल फुली. दहाही बोटं झाली. मागे रांग वाढत होती, आणि आत्या एखादं काम बिघडवल्यासारखी ओशाळून सगळ्यांकडे बघत होती. मला राग आला तो त्याचा. यंत्राला वाचता येत नाही, आणि शरमायचं कुणी, तर जिची बोटं आहेत तिने! कागदी दाखल्याचं विचारलं, तर "आता सगळं ऑनलाइन" एवढंच उत्तर मिळालं.

घरी आल्यावर मी आत्याची बोटं पहिल्यांदाच नीट पाहिली. विडी वळताना पान कात्रीने बेतायचं, तंबाखू भरायची, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत दाबून गुंडाळायचं, दोरा बांधायचा, तोंड नखाने मोडून बंद करायचं. हजार विड्यांमागे मजुरी. वर्षानुवर्षं हे केल्यावर नेमकी तीच तीन बोटं गुळगुळीत झालेली. ठसा घेणारं यंत्र कातडीवरच्या उंचवट्यांत आणि खाचांत फरक शोधतं. वय वाढलं की कातडी कोरडी पडते, उंचवटे बसतात, आणि वरून असली मजुरी असली की यंत्राच्या हाती काही लागत नाही. म्हणजे ज्या कामाची पेन्शन, त्याच कामाने तिची ओळख खाल्ली. आणि ती काही एकटी नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधारवर सुनावणी चालू असताना आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच सांगितलं होतं, की बोटांच्या ठशांची पडताळणी सुमारे 6 टक्के वेळा फसते. आकडा लहान दिसतो, पण त्यात कोण येतं ते बघा: म्हातारी माणसं, शेतमजूर, गवंडी, विडीवाल्या बाया.

इतकी वर्षं हे लक्षात कसं आलं नाही? रेशनमुळे. रेशन दुकानातल्या मशीनवर कार्डातल्या कुणाही एकाचा अंगठा चालतो, आणि तिथे नेहमी वहिनीच जाते. रेशनसाठी आत्यावर बोट टेकवायची वेळच आली नव्हती.

पेन्शन आणि ठसा यांचं नातं मात्र जुनं आहे. 1877 मध्ये बंगालात हुगळीला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, मेलेल्याच्या नावावर दुसरंच कुणी पैसे उचलू नये म्हणून. संशय तेव्हाचाच, यंत्र नवं. आधारचा पहिला क्रमांकही आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिला गेला. तेव्हा कष्टकऱ्यांना ओळख मिळणार असं सांगितलं होतं.

मार्ग सापडला तो भावाच्या ओळखीतल्या एका पोस्टमनमुळे. तो म्हणाला, "ताई, बोट कशाला? चेहऱ्याने होतं की." 2021 पासून ही सोय आहे, आणि केंद्रातल्या पोराने तिचं नावही काढलं नव्हतं. फोनमध्ये दोन अ‍ॅप घ्यायची, एक जीवन प्रमाण आणि दुसरं आधार फेस आरडी. आधी ऑपरेटर म्हणून स्वतःचा चेहरा दाखवायचा, मग पेन्शनरचा आधार नंबर, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर), बँक खातं भरायचं. त्यात एक प्रश्न येतो: पुनर्विवाह केला आहे का? मी मोठ्याने वाचला. आत्या म्हणाली, "त्यालाच विचार, बघून ठेवलाय का कुणी?"

चेहऱ्यालाही अडचणी आल्याच. घरात ट्यूबलाइट मागे, तोंडावर अंधार. अंगणात खुर्ची टाकली. आता पापण्यांची उघडझाप करायला हवी, नाहीतर समोर जिवंत माणूस आहे हे अ‍ॅपला पटत नाही. आत्या मात्र स्टुडिओत बसल्यासारखी ताठ, डोळे वटारून. "आत्या, डोळे मिचकाव की." "फोटोत डोळे मिटायचे नसतात गं." शेवटी नातवाने समोर उभं राहून चाळे केले, ती हसली, आणि हिरवी खूण आली. थोड्या वेळात मोबाइलवर प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा, मेसेजही आला. ईपीएस-95 वाल्यांना सरकारी पेन्शनरांसारखी नोव्हेंबरची घाई नसते; दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो.

मग मी तिचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल लागतो. लॉक असताना बोट, डोळा, चेहरा काहीच चालत नाही. पुढच्या वर्षी तात्पुरतं उघडावं लागेल. भावाला हा उपद्व्याप वाटला. पण दस्तनोंदणीच्या कागदांवरून अंगठ्याचे ठसे उचलून रबरी नक्कल करायची आणि खात्यातून पैसे काढायचे, असे गुन्हे देशात घडलेत. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलून आणणार? आत्याच्या खऱ्या बोटाला यंत्र दाद देत नाही हे खरं, पण कधीकाळी नोंदवलेला चांगला ठसा अजून तिच्या नावावर आहेच.

आता आत्याच्या जुन्या कारखान्यातल्या बाया माझ्याकडे येतात. पीपीओ नंबर बऱ्याच जणींना माहीत नसतो, तेव्हा आधी पासबुक आणि पेन्शनचे जुने कागद पिशवीतून बाहेर काढायचे, मग खुर्ची अंगणात. सेवा केंद्रवाल्यालाही मी जाऊन सांगितलं, की चेहऱ्याचं अ‍ॅप टाकून घे. तो म्हणाला, आहे ना माझ्याकडे, पण त्यात वेळ फार जातो.