आणि संडासाचं काय?

आमची आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येणारी फिरती घर-गाडी, किती लांब आहे, ॲव्हरेज किती देते, आत खरंच उभं राहता येतं का, हे सगळं विचारून झालं की फोनवरचं माणूस जरा थांबतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "आणि संडासाचं काय?" मावशीने विचारलं, शाळेतल्या मैत्रिणीने विचारलं, पुण्यातल्या आमच्या सीएनेसुद्धा विचारलं. फोटोत तळं दिसतं, शेकोटी दिसते. टाकी दिसत नाही. म्हणून आज टाकीवरच लिहिते.

तर, टाकी आम्हीच रिकामी करतो. आमच्यात ते काम माझ्याकडे आहे. गाडी चालवणं आणि रिव्हर्स घेणं नवऱ्याकडे. मला ही वाटणी सोयीची वाटते, कारण रिव्हर्स घेताना चार लोक बघत उभे राहतात, टाकी सोडताना सगळे नजर वळवतात.

आमची आरव्ही सेकंडहँड आहे. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही ज्या भागात तयार होतात ते इंडियानातलं एल्कहार्ट मिशिगनच्या सीमेला खेटून आहे, त्यामुळे इथे मिशिगनमध्ये सुटे भाग सहज मिळतात आणि सल्ले न मागता मिळतात. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक बेसिन आणि शॉवरच्या सांडपाण्याची, तिसरी ती. कॅम्पग्राउंड सोडताना वाटेत डम्प स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, लागतं. सिमेंटचा उतार, मध्ये झाकण असलेलं भोक, बाजूला 'पिण्याचं पाणी नाही' अशी पाटी लावलेला नळ. रविवारी सकाळी तिथे ही रांग लागते. रांगेत लाखो डॉलरच्या बसएवढ्या गाड्याही असतात आणि त्यांचे मालकही रबरी मोजे चढवून खाली उतरतात.

काम असं. तीन इंची पाइप टाक्यांच्या तोंडाला फिरवून बसवायचा, दुसरं टोक भोकात, आणि आधी मैल्याचा व्हॉल्व्ह ओढायचा. धबधबा सुरू होतो. तो थांबला की मगच सांडपाण्याचा व्हॉल्व्ह, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुतला जातो. पाइपाच्या सुरुवातीला पारदर्शक एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकडा जोड, लावलेला असला तर आत काय चाललंय ते दिसतं. दिसावं असं कोणाला वाटेल? पण पाणी नितळ येईपर्यंत थांबायचं असतं, आणि ते न बघता कळत नाही. हा एल्बो मला रांगेत मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी दिला. कार कंपनीत आयुष्य घालवून रिटायर झालेले. माझं चाललेलं बघून ते स्वतःच्या डब्यातला जुना एल्बो घेऊन आले, लावून दिला, आणि बजावलं की कॅम्पवर पाइप जोडून ठेवला तरी मैल्याचा व्हॉल्व्ह कधी उघडा ठेवू नकोस. उघडा राहिला तर पातळ निघून जातं, घट्ट खाली बसतं आणि त्याचा डोंगर होतो. तो डोंगर मग कुठलंही औषध टाकून हलत नाही. एवढं सांगून ते सांडलेले चार थेंब नळाने धुऊन, आपल्या गाडीकडे परत गेले. थेंब माझ्या पाइपातून सांडलेले होते.

हा डोंगर आमच्याकडे कधी झाला नाही, आणि इथे मला थोडा भाव खाऊ द्या. टाकी तुंबते ती बहुतेक कागदामुळे आणि पाण्याच्या कंजुषीमुळे. इकडची मंडळी पटकन विरघळणारा खास कागद विकत आणतात, टाकीत एन्झाइमच्या पुड्या टाकतात, बर्फाचे खडे टाकून गाडी पळवतात. आमच्या संडासात एक प्लास्टिकचा मग आहे. विषय संपला. टाकी लवकर भरते हे खरं, पण सोडली की पाच मिनिटांत स्वच्छ. आजोबांना मी हे सांगितलं नाही. आपल्या संस्कृतीचं व्याख्यान द्यायची ती जागा नव्हती.

स्वयंपाकघरात मात्र आपली संस्कृती महागात पडते. कढईतलं तेल सरळ बेसिनमध्ये गेलं तर ते टाकीच्या भिंतीला आणि आतल्या सेन्सरना चिकटून बसतं, आणि मग पॅनेलवर टाकी कायम दोन तृतीयांश भरलेली दिसते. वरणाची खरकटी आत गेली की दोन उन्हाळी दिवसांत असा वास सुटतो की मैल्याची टाकी सोज्वळ वाटावी. म्हणून आधी कागदाने पुसायचं, मग धुवायचं. फोडणी बाहेरच्या शेगडीवर, कारण आत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म बोंबलतो. गॅसचा अलार्म मात्र खाली जमिनीलगत असतो, प्रोपेन हवेपेक्षा जड, तळाशी साठतो म्हणून. केर काढताना त्यावरची धूळ पुसायची हे पटकन लक्षात येत नाही. पांढऱ्या ओट्यावरचा हळदीचा डाग घासत बसू नका, वरची खिडकी उघडून ऊन पडू द्या. जातो.

आता मावशी. "अगं, पण तिकडे पैसे देऊन कोणी मिळत नाही का?" मिळतं. पैसे दिले की टँकर येऊन टाकी उपसून नेतो. जत्रेतल्या, बांधकामावरच्या फिरत्या संडासांचा मैला कोणीतरी तासाच्या पगारावर उपसतंच. तेव्हा अमेरिका म्हणजे सगळे स्वतःचं स्वतः करतात असं चित्र मी रंगवणार नाही. फरक इतकाच की कॅम्पग्राउंडवरच्या रांगेत कोणाचं आडनाव विचारलं जात नाही आणि काम झाल्यावर तोच माणूस शेजारी बसून हॉटडॉग खातो. मावशीच्या प्रश्नाने मी चिडले ते यासाठी. आणि हेही लिहून टाकते की सुट्टीत पुण्याला आले की आमचा संडास मीही घासत नाही, कामाच्या ताई घासतात. त्यांना मी चांगले मोजे आणि ब्रश नेऊन देते. पगारही सोसायटीत सगळ्यात जास्त आमच्याकडे आहे. असो.

गेल्या उन्हाळ्यात सासू-सासरे आले होते. बाबा कणकवलीचे. मी मोजे चढवले की ते झाडांकडे बघत लांब फेरी मारायला जात. मला वाटलं, किळस. पण छताचा विषय निघाला आणि माणूसच बदलला. ड्रायव्हरच्या डोक्यावर जी झोपायची जागा असते तिथल्या कोपऱ्यात पिवळट डाग आला होता. आरव्हीचं खरं मरण टाकीत नसतं, गळतीत असतं. भिंती म्हणजे लाकडी सांगाडा, प्लाय आणि वर फायबरचा पातळ पत्रा. पाणी शिरलं की प्लाय कुजतो, पत्रा सुटून फुगतो आणि गाडीची किंमत शून्य. दुरुस्तीवाल्याने बोटभर सीलंट डागाच्या नेमकं वर फासून बिल दिलं होतं. डाग वाढतच होता. बाबा म्हणाले, "पाणी दिसतं तिथून शिरत नाही गो. वर बघ." दरवर्षी पावसाच्या तोंडावर घर शाकारण्यात हयात गेलेली. त्यांनी आतून प्लाय अंगठ्याने दाबत दाबत मऊ पट्टा शोधला, तो वर कुठे जातो ते पाहिलं, आणि कपाळावर जे नारिंगी दिवे असतात त्यातल्या एकाच्या बुडाशी चीर निघाली. जुनं सीलंट पुसायला त्यांनी रॉकेलचा बोळा मागितला. ते मात्र नाही, छत रबराचं आहे, रॉकेल-पेट्रोल लागलं की फुगतं. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, प्लास्टिकची पट्टी आणि मग आपोआप पसरणारं नवं सीलंट.

त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून अप्पासाहेब पटवर्धनांचा विषय काढला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातले, कोकणचे गांधी म्हणत त्यांना. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, असं उत्तर मिळालं. अप्पांनी अन्न सोडलं, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण सुरू केलं. पुढे गोपुरीत मैल्याचं खत करणारे संडास त्यांनी लोकांना बांधून दाखवले. बाबा लहानपणी हे ऐकत मोठे झालेले. "कौतुक सगळ्यांनी केलं," ते म्हणाले, "अनुकरणाला कोणी नव्हतं." हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने आपल्याकडे बंदी आहे, तरी गटारात उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. तो विषय कोणी वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी डम्प स्टेशनवर बाबा खाली उतरले. मोजे घातले नाहीत, पण नळ धरून उभे राहिले आणि पाणी नितळ झाल्यावर "बस" म्हणाले. अहो आई गाडीतून उतरल्या नाहीत. त्यांना मी आग्रहही केला नाही.

बाकी कामं कंटाळवाणी आहेत, पण टाळता येत नाहीत. ओली छत्री, म्हणजे दारावरची कनात, तशीच गुंडाळली की बुरशी धरते. टायर गुळगुळीत होण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, ते बघून बदलायचे. थंडीच्या आधी नळांतलं सगळं पाणी काढून थंडीत न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं, कारमधलं विषारी नव्हे; गीझर आधी बायपास करायचा, नाहीतर तोच गॅलनच्या गॅलन पिऊन टाकतो. वसंतात पंधरा गॅलनला पाव कप ब्लीच या हिशेबाने चांगल्या पाण्याची टाकी आणि नळ भरायचे, काही तास ठेवायचे, वास जाईपर्यंत धुवायचे.

मावशी पुढच्या जुलैत येतेय, दोन नातवंडांना घेऊन. पाच माणसांत टाकी दुसऱ्याच दिवशी भरेल. तिला फोनवर सांगून ठेवलंय, मोजे मध्यम मापाचे लागतील की मोठे ते आधी कळव. अजून कळवलेलं नाही.