जुना तांदूळ

तांदळात ठेवलेला फोन काउंटरवर आला की मला तो उघडायच्या आधीच कळतं. चार्जिंग जॅकमध्ये एखादी कणी अडकलेली असते, स्पीकरच्या जाळीवर पांढरट पूड असते आणि आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘आमच्याकडून करायचं ते सगळं केलंय’ असा भाव असतो. जुलैतल्या त्या सोमवारी आलेल्या फोनमध्ये कणी होती, पूडही होती. फक्त पूड निळसर होती.

माझं दुकान सांगलीत, मारुती रोडच्या मागच्या बोळात, 2009 पासून. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर भिंगातून बघत सोल्डरिंग करत असतो. निम्मा दिवस फोल्डर बदलण्यात जातो (डिस्प्लेला आमच्या धंद्यात फोल्डर म्हणतात), उरलेल्यातला बराचसा ‘चार्ज होईना’ म्हणून आलेल्या फोनच्या जॅकमधला खिशातला कापूस टाचणीनं उकरण्यात. बोर्डाचं, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किटचं, काम आठवड्याला चार-पाच. पण नाव त्याच्यावरच होतं, आणि मला आवडतंही तेच.

तो फोन आणणारे आण्णा तासगावकडचे, द्राक्षबागायतदार, साठीच्या पुढचे. सोबत बारावीतला नातू.

“पाण्यात पडला होता का?”

“पाण्यात न्हाई. मोरचुदात.”

बोर्डो म्हणजे द्राक्षावर फवारायचं बुरशीनाशक. ते करताना एका बादलीत मोरचूद (कॉपर सल्फेट) विरघळवून घेतात, दुसरीकडे चुना निवळतात, मग दोन्ही एकत्र ओततात. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. आण्णा मोरचुदाच्या बादलीवर वाकले आणि सदऱ्याच्या वरच्या खिशातला फोन सरळ आत. चुना अजून पडायचा होता. म्हणजे नुसतं तांब्याचं आंबट पाणी. साध्या पाण्यापेक्षा वीज कितीतरी सहज वाहून नेणारं, आणि लोखंडाचं वैरी.

“कधी पडला?”

“गुरुवारी सकाळी.”

आणि आज सोमवार. मी काही बोललो नाही, पण बाकड्यावर बसलेल्या दोघांनी माझ्या वाट्याचं बोलून घेतलं. एक इंजिनिअरिंगचा पोरगा टेम्पर्ड ग्लास लावायला आला होता, दुसरे निवृत्त मास्तर, त्यांचा स्पीकर गेलेला. पोरगा म्हणाला, तांदळानं काही होत नाही, सिलिका जेल पाहिजे. मास्तर म्हणाले, माझ्या मेव्हण्याचा फोन तांदळातच जगला. पोरगा म्हणाला, आयपी अडुसष्ट असता तर प्रश्नच नव्हता. मास्तर म्हणाले, ते सगळं जाहिरातीतलं. पोरानं लगेच मोबाइल काढून काहीतरी वाचून दाखवायला सुरुवात केली. दोघांपैकी एकानंही त्या फोनकडे बघितलं नव्हतं. गॅजेटचा विषय निघाला की आपल्याकडे क्रिकेटसारखं होतं, न खेळलेला माणूस बॅट कशी धरावी ते सांगतो. आयपी रेटिंगची, म्हणजे फोन पाण्यात किती टिकतो त्या मानांकनाची, चाचणी स्वच्छ पाण्यात होते, ठरावीक खोलीवर, ठरावीक मिनिटं, नव्याकोऱ्या फोनवर. साबणाचं, मिठाचं, औषधाचं पाणी त्यात धरलेलंच नाही. पण हे सांगत बसलो तर टेम्पर्ड ग्लास राहून जातो.

नातू मात्र ऐकत होता. त्याला वाटलं असावं, चूक आपल्यावर येतेय. “आम्ही मनानं नाही ठेवला,” तो म्हणाला आणि स्वतःच्या फोनवर एक फॉरवर्ड उघडून माझ्यापुढे धरला.

‘फोन पाण्यात पडल्यास घाबरू नका. ताबडतोब बंद करा. तांदळाच्या डब्यात 72 तास ठेवा. तांदूळ जुना असावा, नवा तांदूळ स्वतःच ओलसर असतो. मध्ये चालू करून बघू नये.’ खाली ‘जनहितार्थ’ आणि हात जोडलेले.

ते मी लिहिलेलं होतं.

2015 च्या पावसाळ्यात गिऱ्हाइकांसाठी एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला होता, त्यात टाकलेलं. खाली दुकानाचं नाव आणि नंबर होता, तो कुणीतरी उडवला. पण जुन्या तांदळावरून मी ओळखलं. ते वाक्य जगात दुसऱ्या कुणी लिहिणं शक्य नाही, कारण त्याला कसलाही आधार नाही. आमच्या आईला भाताला जुनाच तांदूळ लागतो, नवा चिकट होतो म्हणते. तेवढ्यावरून मी ते ठोकून दिलं होतं. वाचायला बरं वाटतं, अनुभवाचं वाटतं, एवढ्यासाठी.

आणि एक वाक्य त्यातून गेलं होतं. मी ‘बंद करा’नंतर ‘बॅटरी काढा’ असं लिहिलं होतं. मधल्या काळात बॅटरी चिकटवलेले फोन आले, मागचं झाकण नखानं निघेनासं झालं, तेव्हा कुणा शहाण्यानं ते वाक्य निरुपयोगी म्हणून गाळलं असणार. संपूर्ण मेसेजमध्ये कामाचं तेवढंच होतं.

हे मला 2015 मध्ये नीट कळलेलं नव्हतं, ते 2019 च्या पुरानं शिकवलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फूट ओलांडले होते आणि आमच्या बोळात छातीइतकं पाणी होतं. पाणी उतरल्यावर महिनाभर लोक पिशव्या भरभरून फोन आणत होते. त्यात बघितलं, गाळात दोन-दोन दिवस पडलेले बॅटरी काढलेले जुने सेट उठत होते. अर्धा तास भिजलेले, पण बॅटरी आतच राहिलेले नवे फोन मेलेले होते. फोन बंद केला म्हणजे बोर्ड बंद झाला असं नसतं. बॅटरी जोडलेली आहे तोवर काही लाइनींवर व्होल्टेज असतंच. पाणी आणि व्होल्टेज एकत्र आलं की बोर्डावरचं तांबं इथून विरघळून तिथं जाऊन बसतं. तांदूळ बाहेरचा दमटपणा थोडाफार ओढत असेल, पण चिपच्या पोटाखाली केसाएवढ्या फटीत धरून ठेवलेलं पाणी काही तो ओढून घेत नाही. 2015 मध्ये फोन वाचत होते ते बॅटरी काढल्यानं. तांदळाचा उपयोग एवढाच, की त्यात पुरलेला फोन लोक दर पाच मिनिटांनी चालू करून बघत नव्हते.

2024 मध्ये अॅपलनंच सांगितलं की तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. तेव्हा मी ती बातमी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि लोकांच्या अडाणीपणावर हसलो होतो. स्वतःचा मेसेज तेव्हा आठवला नाही.

मी नातवाला म्हटलं, बघतो. एवढंच.

त्यांना हवा होता तो फोन नव्हे, फोटो. मार्चमध्ये माल व्यापाऱ्याला दिलेला, पैसे अडकलेले. वजनकाट्याच्या पावत्या अकरा. पावतीचा कागद असला की उन्हाळ्यात अक्षर उडून जातं, म्हणून आण्णांनी प्रत्येक पावतीचा फोटो काढून ठेवला होता. हुशारीच केली होती. बॅकअप? गूगल फोटोजनं जून 2021 पासून फुकटची अमर्याद जागा बंद केली, 15 जीबी भरली की फोटो वर जात नाहीत. ‘जागा संपली’ असा निरोप दोन वर्षं रोज येत होता म्हणे. नातू म्हणाला, ते पुसून टाकायचं असतं असं आजोबांना वाटायचं.

त्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून बसलो. मागचं पॅनल गरम करून उघडलं. पाणी शिरल्याची खूण सांगणारी पांढरी चिकटपट्टी लालभडक. पहिली बॅटरी काढली. मग स्क्रू बघितले आणि थांबलो. बारीक लोखंडी स्क्रू, त्यांच्या डोक्यांवर तांब्याची तांबूस कळा चढलेली.

आण्णांना बोलावून भिंगातून दाखवलं. ते हसले. “आवं, ह्येच तर आमी बगतो.” बोर्डो बरोबर झालंय का ते बघायला त्यात विळा बुडवतात. विळ्याच्या पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला, अजून घालायचा. “मंजे बोर्डाला बी चढलं?” चढलं, म्हटलं. माझ्या इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला बिघाड इतका लख्ख समजलेला मी बघितला नाही. एरवी बोर्डावर हात ठेवून बोलावं तर लोक बिलाकडे बघतात.

चिपांवरची पत्र्याची झाकणं उचलली. चार्जिंग आयसीभोवती हिरवट पापुद्रा. बोर्ड आयपीएमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, ब्रशनं घासला, अल्ट्रासोनिकला दोन वेळा लावला, वाळवला. मग डीसी सप्लायवर घेतला. चार व्होल्ट दिले, पॉवर की दाबलेली नाही, तरी सुया सुटल्यासारखा करंट चढला, जवळजवळ एक अँपिअर. मेन लाइन शॉर्ट. रोझिनचा (राळेचा) धूर बोर्डावर बसवला, पांढरा थर आला, पुन्हा व्होल्टेज दिलं आणि एका कपॅसिटरवरचा थर आधी वितळला. तो काढला, शॉर्ट गेला. हा क्षण मला अजूनही पहिल्यासारखा आवडतो. दुकानातल्या पोराला म्हटलं, चहा सांग.

चहा यायच्या आत उतरलो. की दाबली तर 70-80 मिलिअँपिअरवर करंट चढून तिथंच चिकटला. फोन उठताना करंट नाचतो, वर-खाली होतो. एकाच आकड्यावर अडला म्हणजे पॉवर आयसी जागा झालाय, सीपीयू उठत नाहीये. पॉवर आयसी रीबॉल केला, म्हणजे काढून खालचे सोल्डरचे गोळे नव्यानं लावून परत बसवला. तोच आकडा. रात्री साडेनऊला सीपीयू उचलायचं ठरवलं. त्याच्या डोक्यावर रॅम बसलेली असते, खाली डिंकासारखा भराव असतो, तापमान दहा डिग्री चुकलं तर दोन्ही जातात. नीट उचलला गेला. खाली कोपऱ्यातले पॅड, म्हणजे चिप जिथं बोर्डाला जोडली जाते ते ठिपके, नव्हते. उडाले नव्हते, खाल्ले गेले होते. जागेवर हिरवट खड्डे.

केसाहून बारीक तारेनं सात जंपर मारले. बुधवारपर्यंत तीनदा बसवला, तीनदा उचलला. नाही उठला.

नातवानं विचारलं, मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनमध्ये घातली तर? प्रश्न बरोबर होता. दहा वर्षांपूर्वी आम्ही तेच करायचो, चिप उचलायची, रीडरवर लावायची, फोटो बाहेर. आता अँड्रॉइड फोनमधला सगळा डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली सीपीयूच्या पोटात बांधलेली असते. मेमरी धडधाकट आहे, आतले अकरा फोटोही असतील, पण तो मेलेला सीपीयू उठल्याशिवाय ते नुसते आकडे. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, फोन चोरीला गेला तर आपल्याला तेच हवं असतं. पण समोर बसलेल्या माणसाला हे सांगताना तोंड कडू होतं.

सर्व्हिस सेंटरला ते आधी जाऊन आले होते, शनिवारी. तिथं फोन न बघताच सांगितलं, बोर्ड बदलावा लागेल, डेटा जाईल, सही करा. 2022 मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मग पोर्टल काढलं. आम्ही अजून चिनी सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं भरून बोर्डांचे नकाशे बघतो. असो.

पहिल्या दिवशी, गुरुवारीच, फोन आला असता तर उठला असता का? मी स्वतःला हे बऱ्याचदा विचारलंय. मोरचूद होतं, खात्री नाही देता येत. पण चार दिवस बॅटरी जोडलेली ठेवून पॅड खाल्ले गेले, त्यातले तीन दिवस मेसेजनं सांगितलेले 72 तास होते. चौथा रविवार, दुकान बंद.

मी त्यांना सांगितलं नाही. सोमवारी वाटलं, आधी फोन उठवू, मग हसत सांगू. बुधवारी सांगण्यासारखं तोंड राहिलं नव्हतं. पैसे घेणार नाही म्हटलं तर आण्णा ऐकेनात. तीन दिवस खपलात म्हणून दोनशे रुपये काउंटरवर ठेवून गेले आणि जाताना मास्तरांना म्हणाले, अशी माणसं ऱ्हायली न्हाईत आता. मास्तर स्पीकर न्यायला आले होते. त्यांनी मान डोलावली.

त्याआधी नातवानं स्वतःच्या फोनमध्ये शोधून तीन पावत्या काढल्या, आजोबांनी कधीतरी घरच्या ग्रुपवर टाकलेल्या. अकरातल्या तीन. वकील त्यावर काय म्हणाला ते मला माहीत नाही.

आणि सोमवारीच निघताना मला एक सुचलं होतं, ते खरं तर आधी सुचायला हवं होतं. “तांदूळ कुठाय तो?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फोन काढून झाल्यावर आजींनी तांदूळ चाळून परत डब्यात ओतला होता. पाच किलोंचा डबा. वर वर निळं दिसत होतं तेवढं फेकलं होतं म्हणे. रविवारी रात्री भाकरीच होती, सोमवारचा भात अजून लागायचा होता. मी नातवाला तिथंच घरी फोन लावायला लावला.

नवा मेसेज मी त्या आठवड्यात लिहिला. बंद करा, चार्जरला लावू नका, तांदळात ठेवू नका, बॅटरी निघत असेल तर काढा, नसेल तर त्याच दिवशी उघडणाऱ्याकडे न्या. कुठल्या पाण्यात पडला ते खरं सांगा. जुन्या मेसेजपेक्षा लांब झाला आणि त्यात डब्यासारखं हातात घेण्यासारखं काही नाही. ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले. संध्याकाळी एकानं त्याच्याच खाली जुना चिकटवला, ‘हे पण उपयोगी आहे’ म्हणून.

शुक्रवारी आण्णांचा फोन आला, नातवाच्या नंबरवरून. तांदळाचंच विचारायला. कोंबड्यांना घातला तर चालेल का? नको म्हटलं. मग पुरू का? पुरा, विहिरीपासून लांब.

तासाभरानं परत फोन. बांधाच्या कडेला खड्डा काढून सगळा डबा पुरला होता, नवा डबाही आणला होता. “मंडळी म्हनत हुती, वरचा काढून टाकला की झालं. पर म्या म्हटलं, न्हाई, सांगलीच्या दादानं सांगितलंय.”

मी बरं म्हटलं.