जुन्या गाडीचा रेडिएटर घरीच बदलला

गेले काही दिवस गाडी थांबवली की बॉनेटपाशी गोडसर वास यायचा, कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळीही रोज थोडी खाली. टॉर्च मारून बघितलं तर रेडिएटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी जिथे पत्र्याच्या दातांनी दाबून बसवलेली असते, नेमकं तिथेच पांढरट-हिरवे डाग वाळलेले. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन ते प्लास्टिक ठिसूळ होतं, त्यामुळे सील लावत बसण्यापेक्षा सरळ नवाच बसवायचा ठरवला.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या कॅपला हात लावायचा नाही, आत प्रेशर असतं आणि उकळतं पाणी थेट अंगावर येतं. कूलंट परातीत काढलं आणि लगेच झाकलं, कारण ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात.

खरा वेळ गेला तो होज, म्हणजे कूलंटचे रबरी पाइप, काढण्यात. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाच्या दोन नळ्याही बऱ्याचदा रेडिएटरलाच येतात, त्यांची तोंडं मी लगेच बंद केली, तिथे कचरा गेला तर गिअरबॉक्सचंच काम निघायचं. जोडातली गळती रोखणाऱ्या रबरी ओ-रिंग सगळ्या नव्या घातल्या, जुन्या तर नखाने तुटत होत्या.

मग कंपनीने सांगितलेलंच कूलंट, ५०-५० डिस्टिल्ड वॉटरमध्ये. हीटर फुल करून, आत अडकलेली हवा बाहेर सोडणारा ब्लीड स्क्रू ढिला ठेवून हळूहळू भरत गेलो, आधी नुसते बुडबुडे, आणि मग एकसारखी धार आली तेव्हा इतकं बरं वाटलं! आज चौथा दिवस, खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा आहे.