ग्रिलची सावली

फोटोग्राफीची असाइनमेंट होती रोजच्या वस्तूंची आणि मी आपला दोन रविवार तलावपाळीला कॅमेरा घेऊन फिरत बसलो, सगळे फोटो पोस्टकार्डसारखे, बोअर. परवा सकाळी साडेसातला किचनमध्ये चहाला उभा होतो तर ग्रिलची सावली बरोब्बर पोळ्यांच्या डब्यावर तिरकी पडलेली, स्टीलवर आजीचं कोरलेलं नाव, बाजूला एक पोचा, आणि त्या पोच्यात अख्खी खिडकी उलटी दिसत होती! ५० एमएमची लेन्स लावली, एफ ८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून, शटर १/१५ सेकंदावर गेलं, हातात धरला तर फोटो हलणार म्हणून कॅमेरा पिठाच्या डब्यावर टेकवला. आई म्हणे, "अरे पोळ्या गार होतायत, आधी खा." तिचा हात फ्रेममध्ये आला, तोच फोटो ठेवलाय. डबा खाली उजव्या कोपऱ्यात, वर नुसता अंधार. सर क्रॉप कर म्हणणार, मी नाही करत जा.