दोन इंचांची लिफ्ट आणि मागचे नवेकोरे ब्रेक शू

गाडी चार दारांची पिकअप. पुढे कॉइल स्प्रिंगचे स्ट्रट (स्प्रिंग आणि तिच्या आतला शॉकअबसॉर्बर मिळून एक भाग), मागे पाटे. मालकांची तक्रार चार ओळींची होती: खड्ड्यातून चाक खाली सुटलं की पुढून ‘ठक’ होतं, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटतं, पहिल्या गिअरमध्ये उचलताना खालून थरथर येते आणि ब्रेक मारला की नाक जमिनीकडे जातं. लिफ्ट, म्हणजे गाडीची उंची वाढवणारी जोडणी, आधीच बसवलेली होती, दुसरीकडून. “उंची मला आवडलीय, तेवढी ठेवा. बाकीचं बघा,” असं त्यांचं म्हणणं.

अशा वेळी पहिला हात टेपला जातो. मोजायचं ते हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरचा आकार आणि हवा हिशेबात घुसतात आणि लिफ्टचा आकडा खोटा निघतो. पुढे ५४४ मिलिमीटर भरले, मागे ५४२. याच मॉडेलच्या मूळ गाडीला पुढे ४९८ आणि मागे ५२० असतात. म्हणजे पुढे ४६ ची उचल, त्यातही स्टीलचा बंपर आणि विंच लावलेला. हे वजन असताना एवढी उंची आली कुठून, ते स्ट्रट उतरवल्यावर कळलं. वरच्या माउंटवर २५ मिलिमीटरचा स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती), आणि स्प्रिंगच्या आत वेगळा १० चा.

हे दोन स्पेसर दिसायला भाऊभाऊ, पण काम वेगळं. या गाडीत स्ट्रट खालच्या आर्मवर मध्याच्या जरा बाहेर बसतो, त्यामुळे चाक १०० हललं तर स्ट्रट सुमारे ५५ हलतो. म्हणून वरचा २५ चा स्पेसर चाकाशी ४५ होतो आणि आतला १० चा १८. इथवर दोघं सारखेच. पण वरच्या स्पेसरने पूर्ण लटकलेलं चाकही ४५ ने आणखी खाली जातं, आणि चाक वर दाबलं जातं तेव्हा स्ट्रटला २५ मिलिमीटर जास्त मिटावं लागतं. चॅसिसवरचा रबरी बंपस्टॉप टेकण्याआधीच शॉकअबसॉर्बर आतून ठोकला जातो, तो असा. आतला स्पेसर लटकण्याची मर्यादा बदलत नाही. नुसती गाडी वर आणतो, त्यामुळे खाली सुटायला उरलेली जागा तेवढी कमी होते. स्प्रिंग मात्र त्याने कडक होत नाही. सरळ दराच्या (दर म्हणजे एक मिलिमीटर दाबायला लागणारं बळ) स्प्रिंगला आधीचा दाब वाढवला तरी दर तोच राहतो. गाडी कडक वाटते ती शॉक वरच्या टोकाला वारंवार आदळतो म्हणून.

चॅसिसला आधार देऊन चाक लटकवलं तर ६२८ पर्यंत जायला हवं होतं. ते ६१२ वरच अडलं. वरचा कंट्रोल आर्म कॉइलला टेकला होता आणि तिथला रंग घासून धातू उघडा पडला होता. ‘ठक’ सापडलं. ड्राइव्हशाफ्टच्या बाहेरच्या रबरी बुटाच्या घड्याही एकमेकींवर घासत होत्या, पण बूट अजून फाटला नव्हता.

मागे पाटे मूळचेच, फक्त शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चॅसिसला टांगणारी पट्टी, ८० मिलिमीटर लांब. लांब शॅकल निम्मी उचल देतं, म्हणजे ४०. पण पाट्याचं मागचं टोक ८० ने खाली येतं, आणि १३०० लांबीच्या पाट्यावर हा साडेतीन अंशांचा झोल होतो. एक्सल तेवढा फिरून पिनियनचं (प्रोपेलर शाफ्ट एक्सलला जोडतो तिथल्या गिअरचं) तोंड वर करतो. दोन्ही टोकांना साधे क्रॉस (वळणारे सांधे) असलेल्या, गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला दोन्हीकडचे कोन सारखे लागतात. ते बिघडले, त्यात गाडी उचलताना पाटे पिळून पिनियन आणखी वर होतं, म्हणून नेमकी पहिल्या गिअरला थरथर.

ब्रेकची तक्रार मात्र मी तोवर लिफ्टशी जोडली नव्हती. नाक खाली जाणं म्हणजे पुढची स्प्रिंग मऊ, असंच मनात धरलं होतं. चाकं काढलीच आहेत तर बघू म्हणून पॅड पाहिले. पुढे तीन मिलिमीटर उरलेले. मागचे ड्रम उघडले, तर शू जवळजवळ नवे.

या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह चॅसिसवर असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चॅसिस खाली बसते, दांडी वर ढकलली जाते, व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की उलट. लिफ्टने चॅसिस एक्सलपासून दूर गेली. व्हॉल्व्हच्या लेखी ही गाडी रिकाम्याहूनही रिकामी होती, आणि मागे तर कॅनोपी, ड्रॉवर, हत्यारं होती. सगळं थांबवणं पुढच्या चाकांवर आलं होतं. लिफ्ट किटच्या डब्यात याचा ब्रॅकेट क्वचितच मिळतो, आणि उंची बघणाऱ्याला ही दांडी दिसत नाही.

मग गाडी वजनकाट्यावर नेली, आधी पुढचा एक्सल, मग मागचा. पुढे १२१५ किलो, मागे ९९५. कारखान्यातून निघताना हे ११०० आणि ८५० होते. बंपर ५५ किलोचा, विंच ३५ ची. बेरीज ९०, पण पुढे वाढले जवळपास ११५. कारण हे वजन पुढच्या एक्सलच्याही सुमारे ८० सेंटिमीटर पुढे लटकतं. ३.१ मीटर व्हीलबेसवर तरफेचा हिशेब केला तर पुढे ११३ चढतात आणि मागून २३ उतरतात. बंपरच्या कागदावरचं वजन बघून स्प्रिंग मागवणारे इथे चुकतात.

दोन स्प्रिंगांचा पर्याय होता, ९५ आणि ११० न्यूटन प्रति मिलिमीटर. चाकाशी दर काढताना ०.५५ चा वर्ग घ्यायचा, तेव्हा ९५ ची स्प्रिंग चाकाला जेमतेम २९ ची वाटते. एका चाकावर वाढलेल्या ५६ किलोंनी ती १९ मिलिमीटर बसते. आधीच्या माणसाने जवळपास हेच १९ आतल्या स्पेसरने भरून काढले होते. आम्ही ११० ची घेतली, याच वजनासाठी लांबी ठेवलेली, आणि तिच्या दराला जुळणारा शॉक. कडक स्प्रिंगवर मूळ शॉक ठेवला तर रिबाउंड (स्प्रिंगची परत उसळी) आवरत नाही, गाडी एका खड्ड्यावर तीनदा डुलते. स्ट्रट मूळपेक्षा पूर्ण उघडल्यावर १२ मिलिमीटर लांब. त्यामुळे लटकलेलं चाक ६०५ वर थांबतं, आर्म कॉइलपासून मोकळा राहतो. मिटलेली लांबीही तपासली: स्प्रिंग न लावता आर्म जॅकने बंपस्टॉपपर्यंत उचलला, तेव्हा शॉकमध्ये १५ मिलिमीटर शिल्लक होते.

मागे मालकांना ‘३०० किलोवाले’ पाटे हवे होते, कारण कधीमधी तेवढा माल असतो. पाटे कायमच्या वजनावर निवडायचे. कायमचं इथे १७० होतं, म्हणून २०० पर्यंतचा संच घेतला, मूळ लांबीच्या शॅकलसह. तीनशेवाले रिकाम्या दिवशी फळीसारखे चालतात आणि पिनियनचा कोन पुन्हा बिघडवतात. नव्या पाट्यांवर कोन दीड अंश फिरलेला निघाला, तो पाट्याखाली पाचर घालून जुळवला आणि मधल्या बेअरिंगला खाली १० चा तुकडा दिला. सेंटर बोल्टचं डोकं पाचरीतून एक्सलच्या भोकात नीट बसलंय ना, हे हाताने चाचपायचं. नाही तर एक्सल तिरका बसतो.

यू-बोल्ट नवेच. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तेवढी पकड देत नाही. चारही नट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. बुशांचे बोल्ट मात्र तेव्हा नुसते अडकवून ठेवायचे. गाडी चाकांवर उभी राहिली, थोडी पुढे-मागे लोटली, की मग आवळायचे. लटकलेल्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, उंची चुकीची येते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. माझ्या हेल्परने एक बाजू सवयीने आवळलीच होती. ती बाजू आठ मिलिमीटर उंच दिसली तेव्हा पकडलं.

पुढे ५४८ आले, मागे ५६०. म्हणजे पुढची उंची चार मिलिमीटरने जास्तच. अलाइनमेंटवर कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) आधी १.२ अंश होता. लिफ्टने वरचा बॉल जॉइंट आपोआप पुढे सरकतो, भरकटणं त्याचंच. मूळ आर्मच्या कॅम बोल्टने तो दोनच्या वर जाईना, म्हणून वरचे आर्म बदलले आणि ३.४ मिळाले. मग टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती), मग स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य.

व्हॉल्व्हला दिवसातला सर्वात जास्त वेळ गेला. एक्सलकडचा ब्रॅकेट ४५ ने उंच केला, पण अंदाजावर सोडून चालत नाही. मॅन्युअलमध्ये मागच्या एक्सलवर ठरावीक वजन असताना किती दाब यावा ते दिलेलं असतं. मागच्या ब्लीडरला (ब्रेकमधली हवा काढायच्या स्क्रूला) गेज लावून दांडीच्या लांबट भोकातून तो जुळवला, आणि मर्यादेच्या खालच्या अंगाला ठेवला. जास्त दिला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी फिरते. नाक दाबण्यापेक्षा ते फार वाईट. मागचा ब्रेक होज लटकलेल्या एक्सलवर ताणला जात होता, तो लांब घातला. हेडलाइट खाली घेतले.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली होती. यू-बोल्टच्या नटांनी थोडा थोडा फेर घेतला, तेवढा घेतातच. मागचे ड्रम उघडले, तर शूच्या पूर्ण रुंदीवर घासल्याची चमक होती.