वि. का. चं व. क. झालं तेव्हा

व्हीएस कोड या एडिटरसाठी एक छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे जोडून वापरायचं पूरक सॉफ्टवेअर, आम्ही चारपाच जण मिळून सांभाळतो. काम साधंच आहे, लिहिता लिहिता मजकुरात ॲट (@) लावून संदर्भाची की, म्हणजे त्याचं खुणेचं नाव, टाकली आणि तिच्यावर माउस नेला की लेखक, साल, शीर्षक असं छोट्या चौकटीत दिसतं, संदर्भांची यादी असलेली बिब फाइल उघडून शोधत बसावं लागत नाही. परवा ब्राझीलमधल्या एका विद्यार्थ्याची पुल रिक्वेस्ट आली, म्हणजे त्याने केलेला बदल आमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती; या चौकटीचा बराचसा कोड त्याने नव्याने लिहिलेला, आणि रिव्ह्यू माझ्याकडे.

कोड वाचायला फार छान होता. शीर्षकात कंसाच्या आत कंस असले तरी गडबड होत नव्हती, आणि हे सोपं नाही, बिब फाइलचा बिबटेक हा फॉरमॅट १९८५ पासूनचा आहे, त्यात महिरपी कंस कितीही आत जाऊ शकतात आणि साध्या रेगेक्सने (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्राने) पकडायला गेलं की हमखास फसतं. याने एकेक अक्षर वाचत कंस मोजले होते. एकच गोष्ट खटकली, माउस हलला की दर वेळी अख्खी फाइल परत पार्स होत होती, म्हणजे पहिल्यापासून वाचून उलगडली जात होती. एकदा पार्स करून ठेव, फाइल बदलली तरच पुन्हा कर, अशी कमेंट टाकली.

टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. पण मी ताईची बिब फाइल लावून बघितल्याशिवाय अप्रूव्ह करत नाही. ती इतिहासात पीएचडी करतेय, प्रबंध मराठीत, त्यामुळे कीसुद्धा मराठीत. 'केतकर'वर माउस नेला तर चौकटच उघडेना. रेगेक्समध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू होतं, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. त्याने लगेच बदलून 'कुठल्याही लिपीतलं अक्षर' असं केलं, तरी 'क'च्या पुढे गाडी जाईना, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, मात्रा हे अक्षर नाही, ते चिन्ह, त्याचा वर्ग वेगळा. तो वर्ग टाकला तेव्हा कुठे पूर्ण की पकडली गेली.

आणि मग विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांच्या कीवर माउस नेला, चौकट उघडली तर आत 'व. क. राजवाडे'. बघून खरंच वाईट वाटलं. पुलंना कोणी प. ल. म्हणेल का? नावाचा पहिला कॅरेक्टर उचलायचा आणि टिंब द्यायचं असा कोड होता, विश्वनाथचा 'व' आला आणि वेलांटी मागेच राहिली. मी लिहिलं, आमच्याकडे आद्याक्षर मात्रेसकट घेतात, मजकूर अक्षराअक्षरांत नीट तोडणारं जावास्क्रिप्टमधलं इंटल सेगमेंटर वापर. त्यावर त्याने फाइल चाळून स्वतःच विचारलं, मग श्रीधर व्यंकटेश केतकरांचं काय? हा प्रश्न मला इतका आवडला! कारण जोडाक्षर तोडायचं नाही हा नियम युनिकोडमध्ये २०२३ ला, १५.१ आवृत्तीत आला, त्याआधीच्या नियमाने 'श्री'चं नुसतं 'श्' हाती लागतं. त्यामुळे जुन्या एडिटरवरही चालावं म्हणून हलन्ताच्या पुढचं व्यंजन जोडून घेणारं छोटं फंक्शन लिहिलं त्याने, आणि टेस्टमध्ये दोन्ही नावं घातली.

काल रात्री मर्ज केलं, म्हणजे त्याचा बदल आमच्या कोडमध्ये घेतला. ताईच्या लॅपटॉपवर आता 'श्री. व्यं. केतकर' येतं. तिने लगेच पुढचं दाखवलं, तीनपेक्षा जास्त लेखक असले की मराठी नावांच्या शेवटी इंग्रजीतलं 'एट अल' येतंय, तिथे 'आणि इतर' हवं. त्याचा इश्यू आज उघडलाय, तो मीच घेतोय.