आइसलँडच्या बॅगेत जीन्स कशाला?

आज कोल्हापुरात राजारामपुरीत आइसलँडला निघालेल्या मंडळींच्या बॅगा बघितल्या. सगळ्यांत जीन्स! सोल्हेमायोकुल हिमनदीवर चालायचं तर ती घरीच ठेवा. भिजली की वाळत नाही, अंगातली ऊब ओढून घेते. आत लोकरी थर, मध्ये फ्लीस, वर वॉटरप्रूफ.

बूट घोटा झाकणारे, कडक तळव्याचे. मऊ स्पोर्ट्स शूज वाकतात आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली पट्ट्याने बांधायचा धातूच्या दातांचा सांगाडा, सुटतो. पट्ट्याचं लोंबतं टोक खोचून टाका. पाय थोडे फाकवून, तळवा सपाट टेकवत, सगळे दात एकदम बर्फात रुतवा. रंकाळ्यावर फिरल्यासारखं पाय घासत चाललात, तर दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकलाच म्हणून समजा.

फोन आतल्या खिशात. थंडीत बॅटरी भराभर उतरते. सेल्फीसाठी गाईडची वाट सोडू नका, बर्फाने झाकलेली भेग वरून दिसत नाही.

भडंग न्या की, पण हातमोजे काढून खावं लागेल.